वासाचा रकाना

पुरणपोळीच्या व्हिडिओला दोन तारे देऊन खाली ‘यातला अर्धा कापून घ्यावा, पोळी घाईत लाटली आहे’ असा शेरा मारणारी बाई जगात एकच असावी, आणि ती आमच्या शेजारी राहते. विमलअक्का. सांगलीत आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. मुलगी पुण्याला गेल्यापासून घरात त्या एकट्याच असतात. अर्धा तारा देता येत नाही, हा त्यांच्या मते माझा गुन्हा आहे.

गुन्हा माझाच, हे खरं. मी आणि संत्या कराडला एकत्र शिकलो आणि दोघांनी मिळून ‘शेरा’ नावाचं एक एक्स्टेन्शन काढलं. ब्राउझरच्या कोपऱ्यात एक बटण येतं. कुठलाही व्हिडिओ बघताना ते दाबायचं, पाचपैकी तारे द्यायचे, खाली चार शब्द लिहायचे. त्यामुळे जगातल्या फालतू व्हिडिओंना चाप बसणार होता. दीड वर्षात वापरणारे मिळाले सतरा. त्यात एक मी, आणि तीन वेगवेगळ्या नावांनी संत्या. बाकीचे बहुतेक एकदा डोकावून गेले ते गेलेच. रोज न चुकता येतात त्या फक्त अक्का. त्यांच्या लॅपटॉपवर ते बटण मीच हौसेनं बसवून दिलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

अक्का स्वयंपाकाचे व्हिडिओ सोडून दुसरं काही बघत नाहीत. याला इतिहास आहे. गल्लीच्या गणपतीतल्या पाककला स्पर्धेच्या त्या तीस वर्षं परीक्षक होत्या, आणि चमचा त्यांनी क्वचितच उचलला. ताटावरचं झाकण काढायच्या, डोळे मिटायच्या, एक श्वास घ्यायच्या की निकाल लागला. ‘खोबरं खवट हाय.’ ‘मसाला गेल्या वर्षीचा.’ एकदा माझ्या आईच्या आमटीचा वास घेऊन त्यांनी विचारलं होतं, ‘फोडणी टाकताना फोन आला होता का गं?’ आला होता. आई अजून त्यांच्याशी जपून बोलते. पहिला नंबर तर त्यांनी कित्येक वर्षं कुणालाच दिला नाही. निकाल दुसऱ्या नंबरापासून सुरू व्हायचा.

तोच खाक्या त्यांनी इंटरनेटवर चालवला. हजारो लोकांनी वाहवा केलेल्या बिर्याणीखाली अक्कांचा शेरा असायचा, ‘कांदा रडवला, तळला नाही. शिकायला वाव आहे.’ शिकायला वाव सगळ्यांनाच होता. पंचतारांकित हॉटेलातल्या आचाऱ्याला जरा जास्तच होता.

व्हिडिओवाल्यांचं माप काढून झालं की आमची पाळी यायची. ‘शेरा’मध्ये सूचनांसाठी एक चौकोन आहे. बाकी कुणी त्यात कधी ब्र काढला नाही. अक्का मात्र क्रमांक घालून लिहायच्या. सूचना चार : भांडी स्वच्छ नसल्यास वेगळे गुण असावेत. सूचना सात : बडबड्या बायकांचा एक तारा आपोआप कमी व्हावा. लिहून झालं की कंपाउंडाशी येऊन हाक मारायच्या, ‘अभ्या, सातवी पोचली का रं? वाचली न्हाईस व्हय अजून?’

अकरावी सूचना आली तेव्हा मात्र आम्ही दोघं पोट धरून हसलो. ‘पदार्थाच्या व्हिडिओखाली वासाचा रकाना असावा. ज्यांनी पदार्थ करून पाहिला त्यांनी वास कसा आला ते सविस्तर लिहावे. नुसते छान लिहू नये.’

संत्यानं उत्तर धाडलं, ‘संगणकाला नाक नसते.’

पाच मिनिटांत बारावी सूचना. ‘संगणकाला विचारू नका, माणसांना विचारा.’

तेरावीपासून विसावीपर्यंत तीच मागणी येत राहिली. भाषा तेवढी दर वेळी जास्त कडक. आम्ही एकमेकांना त्या वाचून दाखवायचो. धंदा बसला होता, करमणूक तरी होत होती.

यंदा गणपतीच्या आधी मंडळाचा सेक्रेटरी बाळू माझ्याकडे आला. अक्कांनी परीक्षक व्हायला सलग दुसऱ्या वर्षी नकार दिला होता. ‘अभ्या, तूच बिघडवलंस त्यांना,’ बाळू म्हणाला. ‘घरात बसून उंटावरनं शेळ्या हाकत्यात. गल्लीतल्या बायका आता खालच्या वाटायला लागल्या. लय शिष्ट झाल्यात. तूच समजाव जा.’

मलाही ते पटलं. चार वाजता मी अक्कांकडे गेलो. दार उघडंच होतं. पायरीवरच करपट वासाचा असा भपकारा आला की मी नाकाला रुमाल लावला. अक्का स्वयंपाकघराकडे पाठ करून, चष्मा लावून, भजी तळणाऱ्या एका माणसाला खुशाल तारे देत बसल्या होत्या.

‘अक्का, गॅसवर काय ठेवलंय?’

‘बासुंदी. का रं?’

‘करपली की.’

अक्कांनी वळून स्वयंपाकघराकडे बघायच्या आधी माझ्याकडे बघितलं. कुणाला कळलं तर नाही ना, असं ते बघणं होतं. मी आत जाऊन गॅस बंद केला. त्या मागोमाग आल्या आणि स्टुलावर बसल्या.

‘सर्दी झाल्या मला,’ त्या म्हणाल्या. मी धूर जायला खिडकी उघडली. मग त्याच म्हणाल्या, ‘सर्दी न्हाई. दोन वर्षं झाली. तो मोठा ताप आला होता न्हवं? जाताना वास घेऊन गेला. डॉक्टर म्हणाला, येईल हळूहळू. रोज काहीतरी वासाचं करून बघालेय.’

‘आणि चव?’

‘गोड, खारट, तिखट एवढं कळतंय. बाकी आमटी काय आन् बासुंदी काय.’

‘मग सांगायचं तरी, अक्का.’

‘कुणाला सांगू? तीस वर्षं बायकांच्या ताटात नाक घालून नापास केलं त्यांना. आता कुठल्या तोंडानं सांगू? म्हणतील, हिला कधीच काय कळत नव्हतं. माझे सगळे निकाल खोटे ठरतील रं.’

वासाच्या रकान्याच्या त्या सूचनांवर आम्ही कसे खिदळलो होतो ते मला आठवलं. मला स्वतःची लाज वाटली. बाळूचा निरोप मी गिळून टाकला.

‘उभा काय ऱ्हायलास?’ अक्का म्हणाल्या. ‘वास सांग की.’

‘करपल्याचा येतोय.’

‘ते कळलं. सायीचा करपट का साखरेचा?’

मी पातेल्यावर वाकलो. उभ्या आयुष्यात मी कशाचा इतका मन लावून वास घेतला नव्हता. ‘आधी कडू येतोय,’ मी म्हणालो. ‘नाकात चढतोय. मग खाली, कडेला खरवडीचा येतोय. लहानपणी आई पातेलं खरवडून द्यायची तसा. गोडूस. खमंग.’

अक्कांनी डोळे मिटून घेतले.

‘वेलदोडा घातला होता मी. त्याचा येतोय का?’

एवढ्या करपटात वेलदोडा कुठला यायला. ‘येतोय की,’ मी म्हणालो.

‘खोटं बोलालायस,’ डोळे न उघडताच अक्का म्हणाल्या. ‘पण सांग. कसा येतोय?’