मिरवणुकीकडे पाठ

बेसबॉलचा सामना खेळाडू जिंकतात, असा एक गैरसमज खेळाडूंमध्ये बराच पसरलेला आहे. प्रत्यक्षात सामना जिंकला जातो घरोघरच्या दिवाणखान्यांत, आणि गमावला जातो तोही तिथेच, घरातल्या एका ठरावीक माणसामुळे. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात कुचिन्स्कींच्या घरी हे पद लेनीकडे होतं. लेनी टीव्हीसमोर टेकला की आपला फलंदाज बाद! (बायको डोलोरेसने हे शास्त्रशुद्ध पडताळलं होतं. फलंदाज बाद झाला नाही ती उदाहरणं अपवाद म्हणून वगळण्यात आली.)

त्यामुळे गेली तीस वर्षं प्रत्येक महत्त्वाचा सामना लेनीने तळघरात, कपड्यांच्या ड्रायरशेजारी काढला. यंदा अंतिम सामन्याला तर डोलोरेसने ड्रायर चालूच ठेवला, वरचा आरडाओरडा त्याच्या कानावर पडून नुकसान नको म्हणून. संघ जिंकला. लेनीला ते कळलं टॉवेलांच्या घड्या वर नेल्यावर.

आता उघड्या बसमधून संघाची मिरवणूक निघणार होती. आयुष्यात एकदा तरी आपल्या संघाची पोरं डोळ्यांनी बघावीत, एवढंच बिचाऱ्याचं मागणं.

"अगं, सामना संपला! आता काय हरणार आहेत ते?"

"पुढचं वर्ष," डोलोरेस म्हणाली. "जायचं तर जा, पण बसकडे पाठ करून उभा राहा. घे शपथ!"

लेनीने शपथ घेतली. मुख्य रस्त्यावर थंडीत ही गर्दी, हातात बिअर नि सॉसेज. बँकेची भिंत गाठून त्याने तिच्याकडे तोंड केलं, तर तिथे आधीच रांग! सगळी माणसं भिंतीकडे तोंड करून.

"तुम्हीपण?" शेजारच्या धिप्पाड बाईने विचारलं. ही व्हर्निस, सिटी बसची ड्रायव्हर. "मला गॅरेजात बसवतात. गाडीचा रेडिओ काढून."

"मला तळघरात. तसा हा चषक माझ्यामुळेच आला म्हणा."

"तुमच्यामुळे? काका, शेवटच्या डावात मी डोळेसुद्धा मिटले होते!"

"हट्! डोळे काय, कोणीही मिटतं," पलीकडून एक म्हातारा खेकसला. "मी गावच सोडलं होतं!"

श्रेय कुणाचं यावर हातघाईची वेळ आली. (सगळं भांडण अर्थातच भिंतीकडे बघून.) इतक्यात मागे ढोल, शिट्ट्या, आरोळ्या. बस आली! लेनीला राहवेना. "मरू दे ती शपथ!" म्हणत तो गर्रकन वळला.

उघड्या बसवर पोरं नाचत होती. चषक उंच धरलेला होता. तो पडला नाही. टायर फुटलं नाही. कुणाचा साधा पाय मुरगळला नाही. एका खेळाडूने तर थेट लेनीकडे बघून हात हलवला, आणि लेनीच्या डोळ्यांत आनंदाने पाणी आलं.

मग त्याच्या एक गोष्ट लक्षात आली. आपण बघूनही काही बिघडत नसेल, तर तीस वर्षं ते टॉवेल कशासाठी वाळवले? आणि हा चषक मग आणला कुणी? त्या पोरांनी?

लेनी निमूटपणे पुन्हा भिंतीकडे वळला.

"काही दिसलं का हो?" व्हर्निसने हळूच विचारलं.

"छे! मी कुठे बघितलं?"

हसा, वाचकहो, खुशाल हसा. अमेरिकेतली माणसं असतातच अशी. फक्त मागच्या विश्वचषकात शेवटच्या षटकांच्या वेळी, "आता कुणी जागचं हलायचं नाही" असं दरडावून तुम्ही ज्याला स्वयंपाकघरात बसवलंत, त्याला आता बाहेर यायला हरकत नाही, एवढं कळवून टाका.