सासूबाईंचे वाटाणे

वनस्पतिशास्त्राच्या सरांना फळ्यावर काढलेल्या फुलाचा मनापासून तिटकारा होता. फूल हातात घ्यावं, पाकळ्या दूर कराव्यात आणि मगच तोंड उघडावं, असा त्यांचा बाणा. त्या दिवशी शिकवायचे होते द्विसंघ पुंकेसर. त्यासाठी वाटाण्याच्या फुलासारखं फूल नाही: दहा पुंकेसरांपैकी नऊ एकमेकांना चिकटलेले, दहावा सुटा. सकाळच्या घाईत सरांनी गॅलरीतल्या कुंडीतला वेल पार साफ केला. (वर्गातली निम्मी मुलं आलीच नव्हती. आलेल्यांपैकी एकजण फूल हातात धरूनच झोपला.)

घरी आले, तर बायको रिकाम्या वेलापाशी उभी.

"अहो, फुलं कुठं गेली?"

"वर्गात नेली. ताजी लागतात गं."

"आणि शेंगा कशातून येतात?"

 हा प्रश्न सर दर परीक्षेत विचारत आले होते.

वेल सासूबाईंसाठी लावला होता. सासरे गेल्यापासून त्या लेकीकडे राहत होत्या आणि अन्नावरची त्यांची वासनाच उडाली होती. ताट जसंच्या तसं परत यायचं. हातापायांच्या काड्या झाल्या होत्या, डॉक्टरांनीही हात टेकले होते. एकदाच म्हणाल्या होत्या, "ह्या वेलाला शेंगा लागल्या की खाईन चार दाणे." लेक त्या चार दाण्यांच्या आशेवर होती.

"आता तुम्हीच सांगा आईला," बायको म्हणाली आणि रडायला लागली. सर तसेच सासूबाईंच्या खोलीत गेले.

सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. माफी कशी मागतात ते सरांना ठाऊक नव्हतं. शिकवणं तेवढं येत होतं. खिशातलं चुरगळलेलं फूल काढून त्यांनी सुरुवात केली. द्विसंघ झालं. मग एकसंघ, म्हणजे जास्वंदीसारखं, सगळ्यांची मिळून एकच नळी. मग बहुसंघ, लिंबाच्या फुलातले वेगवेगळे गुच्छ. सासूबाईंनी कूस बदलली आणि त्या एकटक बघू लागल्या. एवढं लक्ष सरांना जन्मात कुणी दिलं नव्हतं. त्यांना भरून आलं आणि त्यांनी मोहरीचं फूल सांगायला घेतलं: चार पुंकेसर लांब, दोन आखूड.

सासूबाई ताडकन उठून बसल्या. "अगं, माझं ताट आण!"

बायको धावत आली. "आई, खरंच जेवतेस?"

"जेवते. वाढशील ते सगळं खाते," सासूबाई कळवळून म्हणाल्या. "पण मी जेवायला बसले, की जावईबापू उठतील ना गं?"