पडायचं ठरलं होतं

नागसेनने कंट्रोलर आपटला, तेव्हा स्वयंपाकघरातून नूतनने काय झालं म्हणून विचारलंही नाही. विचारायचं काय त्यात? नुसत्या आवाजावरून तिला निकाल कळायचा. उशीवर आपटला तर नवरा थोडक्यात हरला. गादीवर आपटला तर सपशेल हरला. आणि भिंतीकडून आवाज आला, तर समोरच्याने जिंकल्यावर वर नाचूनही दाखवलं. आज आवाज भिंतीकडून आला होता.

"नेटच खराब आहे!" नागसेन ओरडला. "मी बटन दाबून राह्यलो, अन् माणूस हलूनच नाई राह्यला!"

"काल रिमोट खराब होता."

"रिमोट नोहे तो. कंट्रोलर म्हणतेत त्याले."

"परवा टॉवर खराब होता. सारंच खराब आहे, तुमीच तेवढे चांगले."

नागसेन सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्रात कारकून होता. कामाला चोख, बोलायला गोड. पण संध्याकाळी लॅपटॉपवर तो मारामारीचा ऑनलाइन खेळ उघडला, की या गोड माणसाचं काय व्हायचं देव जाणे. पोळ्यापासून तो हरत होता आणि दिवाळी झाली तरी हरतच होता. खेळात आधी त्याच्या नावापुढे सोन्याचा बिल्ला होता, मग चांदीचा झाला, आता पितळेचा होता. त्याखाली खेळवाल्यांनी धातूच ठेवला नव्हता. हरला की राग यायचा, राग आला की लगेच दुसरा डाव लावायचा, आणि रागात लावलेला डाव आणखी लवकर हरायचा. हे साध्या माणसाला कळतं. नागसेनला कळत नव्हतं.

आता एवढं जिंकायचं वेड कशाला, असं कुणीही विचारेल. त्याचं कारण गावच्या नाट्यमंडळात होतं. भरघोस मिशा आणि जाडा आवाज, या दोन गुन्ह्यांसाठी नागसेनला मंडळाने कायमचा खलनायक करून टाकलं होतं. दरवर्षी मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेला, नाटक व्हायचं आणि दरवर्षी शेवटच्या प्रवेशात तो मार खायचा. नाटक बदलायचं, मार तोच. मंडळाचे दिग्दर्शक रामाजी वरून त्यालाच बोलायचे.

"नागसेन, तू पडते बरोबर. पण पडल्यावर तोंड असं करते, जसं कोणी तुही जमीन लिहून घेतली. अभिनय नावाची चीज तुह्या अंगातच नाई बे!"

म्हणून निदान लॅपटॉपमध्ये तरी आपण कुणाला तरी आडवं करावं, एवढीच त्या बिचाऱ्याची इच्छा होती.

शेवटी एका रविवारी त्याने आपल्याच हरलेल्या लढती पुन्हा लावून पाहिल्या. नेट खराब नव्हतं. टॉवरही ठणठणीत होता. पडद्यावरचा त्याचा माणूस कारण नसताना सारखी उडी मारत होता, आणि समोरचा खाली उभा राहून, तो खाली येण्याची शांतपणे वाट पाहत होता.

"मी एवढ्या उड्या कायले मारून राह्यलो?" तो स्वतःशीच म्हणाला.

"मी सांगतलं असतं," नूतन कांदा चिरता चिरता म्हणाली, "पण मले कोण विचारते?"

त्या दिवसापासून त्याने उड्या सोडल्या. एकच गोष्ट घोटायची ठरवली. समोरच्याचा मोठा वार आला की आधी अडवायचा, आणि तो हुकला की त्याच क्षणी खालून हनुवटीवर मारायचं. पण बोटांना ती वेळ साधेना. मग त्याने ती अंगातच मुरवायचं मनावर घेतलं. नूतनने कधीही, कुठूनही, न सांगता घडी केलेली चादर त्याच्यावर भिरकवायची. त्याने डाव्या कोपराने ती अडवायची आणि उजव्या हाताने हवेत ठोसा हाणायचा. नूतनने हे काम इतक्या आवडीने अंगावर घेतलं, की नागसेनला जरा वाईटच वाटलं. तो दाढी करताना चादर यायची, ताटावर बसताना यायची, एकदा तर फोनवर साहेबांशी बोलताना आली. आठवडाभरात हात असा तयार झाला, की डोक्यात विचार यायच्या आत कोपर वर गेलेलं असायचं.

आणि तो जिंकला. लागोपाठ दोनदा जिंकला! नूतनला उचलून घ्यायला धावला, तर तिने हातातलं लाटणं पुढे केलं.

"लई झालं. आता मंडईचं पाहा. आपल्या अतुलले पाहायले गडचांदूरहून पाव्हणे येऊन राह्यले."

अतुल हा नूतनचा धाकटा भाऊ, तिच्याकडेच राहणारा. शिकून याच गावातल्या शाळेवर लागलेला, सरळ मुलगा, आणि नाटकातला नायक. आमच्याकडे मंडईला सगळे सोयरे गावात येतात, तेव्हा मुलगा-मुलगी पाहण्याचं कामही तिथेच उरकून घेतात. मुलीचं नाव चंचल. तिचे वडील अश्वजितभाऊ सिमेंट कारखान्यात होते. त्यांनी निरोप धाडला होता, की आधी मुलाचं नाटक पाहू, मग घरी येऊ. मुलीने याआधी दोन स्थळं नाकारली होती, का ते कुणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे नूतनच्या जिवाला घोर लागला होता.

"अजी, आयकून राह्यले ना? तो वनरक्षक आहे नाटकात. रुबाबदार दिसला पाह्यजे. तुमी मस्त मार खा. दरसालपेक्षा दोन जास्तीच खा."

"खातो ना. मले दुसरं येते काय?"

रात्री वडशाकडच्या मोठ्या नाटक कंपनीचा प्रयोग असायचा, आणि त्यापुढे गावच्या नटांना कोण विचारतो? म्हणून गावचं नाटक मंडईच्या दिवशी दुपारीच व्हायचं. मांडव गच्च भरला होता. बाहेर पाळणा फिरत होता, जिलेबी तळली जात होती. पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांवर पाहुणे बसले. चंचल मधोमध, नूतन तिच्या बाजूला.

शेवटचा प्रवेश आला. सागवानचोर ठेकेदार दुर्जनसिंग म्हणजे नागसेन, पुठ्ठ्याच्या ओंडक्यावर पाय ठेवून गडगडाटी हसला. वनरक्षक अतुल पुढे झाला.

"या जंगलातलं प्रत्येक झाड माझा भाऊ आहे, दुर्जनसिंग! त्यांच्या वतीने हा घे!"

आणि त्याने उजवा हात मागे नेऊन सणसणीत ठोसा फिरवला.

यात नागसेनचा दोष नव्हता. खरंच नव्हता. त्याला पडायचंच होतं. पण समोरून मोठा वार आलेला दिसला, आणि डावं कोपर वर गेलं. वार हुकला, आणि उजवा हात खालून निघाला. ढोलकीवाल्याला फक्त हात दिसला, कुणाचा ते त्याने पाहिलं नाही, आणि ऐन वेळी त्याने दणकून थाप दिली. वनरक्षक ओंडक्यावरून पलीकडे गेला.

मांडवातल्या सगळ्या माना ओंडक्यापलीकडे डोकावू लागल्या.

"पड!" पडद्याआडून रामाजी दबक्या आवाजात किंचाळले. "नागसेन, पड बे!"

घाबरून नागसेनही पडला. आता रंगमंचावर दोघंही आडवे, आणि ठरल्याप्रमाणे ऑर्गनवाल्याने विजयाची धून सुरू केली. जिंकलं कोण, ते कुणालाच कळेना. तेवढ्यात मागून एक शिट्टी आली, मग दहा आल्या, आणि सगळा मांडव उभा राहून ओरडू लागला, "वन्समोअर! वन्समोअर!"

पहिल्या रांगेत नूतनने पदराने तोंड झाकून घेतलं.

अतुल उठला. हनुवटी चोळली, सदरा झटकला आणि प्रेक्षकांकडे पाहून हसला. "जंगलात पाय घसरते कधी कधी," असं म्हणून त्याने वन्समोअर घेतला. नागसेनने यावेळी दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधून घेतले. काही झालं तरी हलवायचे नाहीत! पण अतुल आता धास्तावला होता. त्याने ठोसा बेताबेताने, लांबून, सावकाश आणला. आणि खेळात घोटलेलं काय होतं? मोठा आणि सावकाश वार म्हणजे फुकटची संधी. नागसेनचे हात त्याला न विचारताच पाठीमागून सुटले.

वनरक्षक दुसऱ्यांदा ओंडक्यापलीकडे गेला.

"हवालदार!" रामाजींनी आता आवाज दाबायचंही सोडलं. "हवालदार पाठवा आधी!"

नाटकाच्या शेवटी येणारे दोन हवालदार आधीच धावत आले. त्यांनी नागसेनचे दोन्ही दंड धरले, आणि अतुलने पुन्हा हसत उठून, त्याला भीत भीत एक टपली मारली. नागसेन हायसं वाटून कोसळला. पण आता प्रेक्षक बिथरले.

"धरून कायले मारता बे? एकटा आहे ना तो!"

"सोडा ठेकेदाराले!"

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच खलनायकाच्या नावाचा जयघोष झाला, आणि त्याच गोंधळात पडदा पडला.

घरी पाहुण्यांसमोर चहा आला. अतुलची हनुवटी एका बाजूने टम्म फुगली होती. नागसेन कोपऱ्यात मिशीतला रंग पुसत बसला होता. नूतन त्याच्याकडे अशी पाहत होती, की तिच्या हातात यावेळी चादर नव्हती हे त्याचं नशीब. अश्वजितभाऊंनी बशीत चहा ओतला, संपवला, आणि लेकीकडे पाहिलं.

"मग? काय म्हणते तू?"

"मले पसंत आहे," चंचल म्हणाली.

नूतनने ट्रे खाली ठेवला. "पसंत? पण तो तर... दोनदा..."

"तेच तर पाह्यलं ना, ताई. मी पाहायले आलेल्या पोराले कॅरम खेळायले बसवते. अन् हरवते. हरल्यावर माणूस खरा दिसते. पह्यल्यानं सोंगट्या उधळल्या. दुसरा म्हणे, बोर्डच वाकडा आहे." ती अतुलकडे पाहून हसली. "हे साऱ्या गावासमोर पडले, अन् हसत उठले. आता कॅरमची गरज नाई."

घरात एकदम उजेड पडल्यासारखं झालं. अतुल लाजला आणि लाजल्यामुळे हनुवटी दुखून कळवळला. नागसेनच्या छातीवरचं ओझं उतरलं. तो खुर्ची ओढून पुढे सरकला, हे सगळं आपल्यामुळे कसं जुळलं ते सांगायला तोंड उघडणार, एवढ्यात अश्वजितभाऊंनी त्यालाच विचारलं, "जावई, तो ठोसा कुठी शिकले तुमी?"

"ऑनलाइन गेम खेळतेत भाऊजी," अतुल म्हणाला. "रोज."

"मंग दाखवा ना एक खेळून," चंचल म्हणाली. "जिथी जायचं, त्या घरचे लोकही पाहून घेऊ."

नूतन लॅपटॉपच्या आड येऊन उभी राहिली. "आता कायले? नेट खराब आहे," ती घाईघाईने म्हणाली. पण अश्वजितभाऊंनी खुर्ची लॅपटॉपकडे वळवलीसुद्धा.

लढत सुरू झाली. नागसेनने अडवलं, थांबला, मारलं. पण समोरचा कुणी पोचलेला गडी होता. तो मोठा वार करायचाच नाही. नुसते बारीक बारीक टोले द्यायचा आणि दूर पळायचा. अडवायला काही नाही, मारायला कुणी नाही. पाहता पाहता नागसेनचा माणूस आडवा झाला. आणि मग तो समोरचा नाचला. कंबर हलवून, अगदी सावकाश नाचला.

नागसेनचा कंट्रोलर धरलेला हात वर गेला. अतुलने डोळे मिटले. नूतनने हळूच भिंतीकडचा काचेचा फोटो उतरवून पोटाशी धरला. मागे अश्वजितभाऊ आणि चंचल, दोघंही पडद्याकडे नाही, नागसेनच्या तोंडाकडे पाहत होते.

हात तिथेच अडकला. मग सावकाश खाली आला. नागसेनने कंट्रोलर मांडीवर ठेवला, मान वळवली, आणि दात दाखवून हसला.

"मस्त खेळला बापा तो," तो म्हणाला. "मजा आली."

"पाह्यलं का बाबा?" चंचल आनंदाने म्हणाली. "सारं घरच हसणारं आहे."

"हाव ना! पाहूनच बरं वाटते," अश्वजितभाऊ मांडी घालून नीट बसले. "होऊ द्या अजून एक."

अजून एक झाला. मग आणखी एक झाला. चहा पुन्हा टाकला गेला. नागसेन हरत होता आणि हसत होता, हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तेवढ्यात दुपारच्या प्रकाराबद्दल झापायला म्हणून रामाजी दारात येऊन थांबले. त्यांनी पडद्यावर आडवा पडलेला माणूस पाहिला, मग नागसेनचा हसरा चेहरा पाहिला, आणि आलेला राग विसरून ते तिथेच उभे राहिले.

"नूतनबाई," ते हळूच म्हणाले, "एवढ्या वर्षांत आज पह्यल्यांदा याले अभिनय करताना पाह्यलो."