गोड म्हणजे नेमकं कसं?

ऑफिसातल्या एकाच्या मुलीचं बारसं होतं. पाळण्याभोवती बायका वाकून वाकून म्हणत होत्या, "अगंबाई, किती गोड!" तेवढ्यात मागून धुमाळ सरांचा गंभीर आवाज आला, "गोड म्हणजे नेमकं कसं?"

बाळाच्या आत्याने बाळाला जरा आपल्याकडे ओढून घेतलं.

सरांनी चेष्टा केली नव्हती. 'गोड' हा शब्द कानावर पडला की त्यांना राहवतच नाही. चहावाल्याने विचारलं, "साहेब, गोड करू?" तर तोच प्रश्न. टेम्पोचा ड्रायव्हर बायकोच्या गोड स्वभावाबद्दल बोलू लागला, तर तोच प्रश्न. तो बिचारा नगरपर्यंत विचारच करत राहिला.

सरांचं कामच तसं आहे. पेट्रोल पंपाची जमिनीखालची टाकी गळली की ते तेल मातीत कुठवर मुरलं, विहिरींपर्यंत पोचलं का, हे शोधायचं. आणि मग ती माती, ते पाणी स्वच्छ करायचं. भूशास्त्र शिकता शिकता मी सुट्टीत त्यांच्या हाताखाली काम करू लागले. माझे आईवडील ऊसतोडीला जातात. घरात कॉलेज पाहिलेली मी पहिलीच. वर्गात प्रश्न विचारायला मला भीती वाटायची. आपल्याला न कळलेलं बाकी सगळ्यांना माहीत असणार, असं वाटायचं. आणि इथे हे गृहस्थ पाळण्यातल्या बाळाबद्दलही शंका काढत होते.

त्यांची दुसरी खोड म्हणजे पाण्याचा कॅन. पांढरा, झाकणाला सुतळी बांधलेला. कुठेही गेले तरी त्यातलंच पाणी. कुणी तांब्या पुढे केला की हात जोडून "नको" म्हणायचे. लोक मग आपसांत कुजबुजायचे, "सायेबाला आपल्या घरचं पानी चालत न्हाई." ते मला फार लागायचं. आमच्या आईने दिलेलं पाणी न पिणारी माणसं मी पाहिलेली आहेत.

काष्टीजवळच्या एका पंपावर आम्ही गेलो, तेव्हा मला या दोन्ही खोडींचा अर्थ कळला. पंपाच्या टाकीतलं पेट्रोल कुठेतरी झिरपत होतं. सर आसपासच्या विहिरी बघत निघाले. पहिलंच घर एका म्हाताऱ्या आजींचं. अंगणातच विहीर. आजींनी गुळाचा खडा आणि तांब्या आणून ठेवला.

"घ्या सायेब. आमच्या हिरीचं पानी पयलं मचूळ, जरासं खारट हुतं. आता देवाच्या किरपेनं गोड झालंय. समदी आळी हितनंच नेती."

"गोड म्हणजे नेमकं कसं?" सर म्हणाले. "गुळासारखं?"

"गुळासारखं न्हाई वो." आजी विचारात पडल्या. "पंपावर गाडीत तेल भरत्यात, तवा वास येतो न्हाय का? तसं. पर गोड."

सरांनी तांब्या उचलला, नाकाजवळ नेला आणि सगळं पाणी अंगणात ओतून दिलं.

आजी भडकल्या. "पावन्याला पानी दिलं तर वतून टाकलं! लई शिकल्यात म्हनं!"

"आजी, ह्यात पेट्रोल उतरलंय, हे पाणी आता कुणीही प्यायचं नाही. न तपासलेलं पाणी मी म्हणूनच कुठे पीत नाही," सर म्हणाले आणि तिथेच उंबऱ्याशी बसले. आजींनी त्यांना उठवायचा प्रयत्न केला, पण सगळं समजावून झाल्याशिवाय ते उठले नाहीत.

विहिरीवर जाळी बसली. प्यायचं पाणी पंपमालकाच्या टँकरने येऊ लागलं. आम्ही पंपापासून विहिरीपर्यंत ठिकठिकाणी बोअर घेतले. मातीचे नमुने बाटल्यांत भरून बर्फाच्या पेटीत ठेवायचे असतात. माती तापली तर तिच्यातलं पेट्रोल उडून जातं आणि प्रयोगशाळेत ती उगाच निर्दोष ठरते. सर पेटीवर स्वतःची छत्री धरायचे आणि आपण उन्हात उभे राहायचे. बाजाराच्या दिवशी बघ्यांची गर्दी जमायची. एक जण म्हणाला, "काय जमाना आला! मातीला गार ठिवत्यात अन् मानसाला भाजत्यात."

गळकी टाकी निघाली. खराब माती खणून नेली. मुरमात भिनलेलं पेट्रोल हवेबरोबर ओढून घेणारं यंत्र बसलं आणि पाण्यावरचा तवंग काढणं सुरू झालं. काम महिनोन् महिने चाललं. कॉलेज सांभाळून मी जमेल तेव्हा जायचे.

आजींचं अंगण मात्र ओस पडलं होतं. मुलगा पुण्याला, आणि पाण्याला येणाऱ्या बायका आता टँकरपाशी. "पानी बंद झालं पोरी, तशी मानसंबी बंद झाली," त्या मला म्हणाल्या. "माझी हीर परत माझी हुईल का गं?" सरांनी ऐकलं होतं. त्या दिवसापासून ते रोज दुपारी आजींकडे जाऊन बसू लागले. कॅनमधलं पाणी आजींच्या पातेल्यात ओतायचे आणि आजी चहा टाकायच्या.

"तुमचंच पानी तुमाला पाजायचं. मला मेलीला लाज वाटती," आजी म्हणायच्या.

"साखर तर तुमची आहे ना," सर म्हणायचे.

शेवटी अहवाल चांगला आला. सरांनी पुन्हा तपासणी करायला लावली. तोही चांगला आला. जाळी निघाली. आजींनी विहिरीतून तांब्या भरला. आळीतल्या बायका गोळा झाल्या होत्या. सरांनी कुणालाच हात लावू दिला नाही. हात पुढे करून तांब्या स्वतःच घेतला आणि आमच्या देखत पहिल्यांदा दुसऱ्याच्या घरचं पाणी प्यायले.

"कसं हाय?" आजींनी विचारलं. सरांनी आणखी एक घोट घेतला. तशा त्या मिश्कील हसल्या. "नेमकं कसं हाय?"

"मचूळ," सर म्हणाले.

"मचूळ! व्हय?" आजींनी तांब्या ओढून स्वतः घोट घेतला. "मचूळच की गं बायांनो! माझंच पानी हाय!"

निघताना सरांनी कॅन रिकामा केला आणि त्या विहिरीवर आजींकडून भरून घेतला. गाडीत मी धीर करून विचारलं, "सर, मचूळ पाणी नगरला कशाला?"

त्यांनी कॅनच्या झाकणाची सुतळी घट्ट केली. मग म्हणाले, "घरी गेल्यावर पाणी विचारणारं कुणी नाही गं. ही गेल्यापासून कॅन मीच भरतो, मीच पितो. आज कुणीतरी भरून दिलाय."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्यांनी त्यातलंच भांडंभर पाणी माझ्यापुढे ठेवलं. मी प्यायले. चांगलंच मचूळ होतं.

"गोड आहे ना?" सर म्हणाले.

प्रश्न विचारायला मी त्यांच्याकडूनच शिकले. पण तेव्हा मी 'हो' म्हटलं आणि भांडं पुन्हा पुढे केलं.