पियानोचा उखाणा

सभागृहातल्या मोठ्या पियानोला नव्या तारा लागणार की नाही, हे पियानोने स्वतः घेतलेल्या उखाण्यावरून ठरायचं. ट्यूनरचं नाव स्वच्छ उमटलं तर तारा ठीक. नावाशी अडखळला तर सगळ्या बदलायच्या. ज्याचं नाव घेतलं जातं त्याने निकाल द्यायचा नाही, असा नियम. म्हणून व्यवस्थापक करंदीकरांनी तपासणी समितीवर ट्यूनरच्या बायकोला बोलावलं. शलाकाच्या लग्नाला अडीच महिने झाले होते. उखाण्याचा कान तिचाच ताजा.

ती पहिल्या रांगेत बसली. तिचा नवरा प्रमथ मऊ फडक्याने पियानोचं झाकण पुसत होता, एखाद्याला झोपेतून उठवू नये इतक्या हळू. घरचा फ्रीज पुसायला त्याला तीनदा सांगावं लागे. रविवार तर पियानोचेच.

"हं, घ्या नाव," करंदीकर म्हणाले.

पियानोने खर्जात सुरुवात केली.

"बावन्न पट्ट्या गोऱ्यापान, छत्तीस काळ्याभोर,
प्र... प्र... रावांचं नाव घेतो समितीच्या समोर."

"अडखळला," करंदीकरांनी नोंद केली. दुसऱ्यांदाही तेच झालं. "वहिनी, तुमचं मत?"

शलाकाला ते अडखळणं ओळखीचं होतं. मांडवात तिचंही असंच झालं होतं, आणि तिच्या घशात काही बिघाड नव्हता. तारा ठणठणीत होत्या. पियानो लाजत होता.

खरं सांगितलं असतं तर तारा तशाच राहिल्या असत्या, आणि ती लाजही.

"पार गेल्यात हो," ती म्हणाली. "एकूण एक काढा."

"खर्जाच्यासुद्धा?" प्रमथचा चेहरा पडला.

"त्या तर आधी."

तीन आठवड्यांत सव्वादोनशे तारा निघाल्या, तेवढ्याच नव्या चढल्या. पुन्हा उखाणा झाला. पियानोने नाव खणखणीत घेतलं, हजेरीपटावरचं वाचावं तसं. शलाकाने समाधानाने सही केली.

"या रविवारी वाईला जाऊ या," ती प्रमथला म्हणाली.

"रविवारी कसं जमेल?" तारा पिळायची किल्ली पिशवीत टाकत तो म्हणाला. "नव्या तारा सैलावत राहतात गं, सारख्या सुरातून उतरतात. आता वर्षभर मला रोज यावं लागणार. तुला करंदीकर बोलले नाहीत?"

त्याच क्षणी पियानोचा वरचा एक स्वर किंचित उतरला.

"बघ, बोलावतोय," प्रमथ म्हणाला आणि त्याने पिशवी पुन्हा उघडली.

शलाका पहिल्या रांगेतल्या आपल्या खुर्चीत जाऊन बसली.