दगडूमिस्त्रीचा आरसा

चौसाळ्यात आरशात तोंड न बघता बोल्ट बघणारा एकच माणूस, दगडूमिस्त्री. नवा बोल्ट आला की बोल्टचं डोकं काचेबाहेर ठेवून तो आरशावर घरंगळवायचा. जरा डुगडुगला की संपलं. "वाकडा हाय, परत न्या!" आरशाच्या कोपऱ्यात एक लाल टिकली चिकटलेली होती. ती खरवडायला गेलं की मिस्त्री अंगावर यायचा.

दुष्काळात आमच्या सोसायटीचा टँकर बसला आणि मी, सेक्रेटरी, अडकलो. इंजिनाच्या हेडखालची सपाट पत्र्याची गॅस्केट जळून पाणी तेलात उतरलं होतं. टँकरवर पाच वस्त्या. सकाळपासून माझ्या दारात रिकाम्या घागरी. चेअरमन म्हणाले, जुनेच बोल्ट आवळा, मिळेल ती गॅस्केट टाका.

मिस्त्रीनं जुना बोल्ट नव्याशेजारी उभा केला. जुना दोन आटे उंच भरला.

"ताणलाय बिचारा. आता पकड धरायचा न्हाई. आन् हेड घासून पातळ झालंय, तवा गॅस्केट जाड पायजे."

"अहो, लोक तहानलेत!"

"म्हणूनच म्हणतो. आठ दिसांनी पुन्हा बसला तर त्यास्नी काय पाजणार? माझा घाम?"

बीडचे बोल्ट त्यानं नापास केले. गॅस्केट पातळ निघाली. मी तर कपाळावर हात मारला! शेवटी आरसा टॉवेलात गुंडाळून तो स्वतःच परळीला गेला. परतीच्या एसटीत बसायला जागा मिळाली, तर तिथं गॅस्केट आडवी ठेवली आणि हा पठ्ठ्या चौसाळ्यापर्यंत उभा. वाकायला नको म्हणे!

मधून बाहेर, क्रमानं, तीन फेऱ्यांत बोल्ट आवळले. इंजिन सुरू झालं. मला रडू यायचंच बाकी होतं.

"एक खेप झाली की थंड करून पुन्हा कसावे लागतेत. मी संगं येतो," म्हणत तो केबिनमध्ये चढला. मीही चढलो.

शेवटच्या वस्तीवर रांगेत त्याची मुलगी सुशी उभी. सहा वर्षांपूर्वी स्वतःच्या मनानं लग्न केलं म्हणून यानं बोलणं टाकलेलं. मिस्त्रीनं बॉनेटमध्ये मुंडकं घातलं ते बाहेरच काढेना. सुशीनं घागर भरली आणि पहिला तांब्या त्याच्यापुढं धरला.

"आबा, घ्या."

तो पाणी प्याला. "हात मळलेत माझे," एवढंच म्हणाला आणि तांब्या पुसून परत दिला.

आता, बोल्ट एकदाच पुन्हा कसायचे असतात, एवढं मलाही कळतं. पण मिस्त्री दुसऱ्या दिवशीही पाना घेऊन हजर. तिसऱ्याही. चौथ्या दिवशी पाना नव्हता, काखेत टॉवेलात गुंडाळलेला आरसा होता.

"आज काय मोजणार, मिस्त्री?"

"काय न्हाई. सुशीचा हाय. टिकली लावताना लागत आसंल तिला."

"आणि तुम्ही बोल्ट कशावर बघणार?"

"ते बघू," म्हणाला, आणि ड्रायव्हरवर खेकसला, "खड्ड्यात हळू घे बे, काच हाय!"