सौजन्य : उलुवाओंचा कोंबडा

लानुओलाची फिल्म पाच मिनिटांची होती आणि तिच्यात साडेतीन मिनिटं नुसती नावं होती.

म्हणजे ज्यांच्यावर फिल्म होती त्या मासेला मावशींच्या वाट्याला दीड मिनिट आलं होतं. त्या दीड मिनिटात मावशी केवड्याची पानं उकळत, वाळवत, नखानं चिरत आणि मांडी ठोकून विणायला बसत. पण पहिला धागा घालणार एवढ्यात पडदा काळा होई आणि नावं वर सरकायला लागत.

"मी चटई विणली की नाही शेवटी?" मावशींनी लॅपटॉपवर बोट ठेवून विचारलं.

"विणली की. पण दाखवायला जागा उरली नाही."

"तीन दिवस घातले मी त्या चटईत. आणि हा कोण गं?"

"त्यानं आपला रेडिओ बंद ठेवला होता."

"आणि हा?"

"त्यानं खोकला गिळला."

मावशींनी लानुओलाकडं पाहिलं, खोकला गिळणाऱ्याच्या नावाकडं पाहिलं आणि दात नसलेल्या तोंडानं त्या बराच वेळ हसत राहिल्या. लानुओलाला हसू येत नव्हतं. फिल्म जमा करायला नऊ दिवस राहिले होते.

या सगळ्याच्या मुळाशी आयलीनीचा एक धडा होता. डिजिटल फिल्म कशी बनवावी आणि तिचा धंदा कसा करावा, हे शिकवायला आयलीनी ऑकलंडहून आली होती. बारा शनिवार, सामोआच्या राजधानीत, आपियाच्या कॉलेजात, चौदा बायका. लानुओला त्यांतली सगळ्यात मोठी, एक्कावन्न वर्षांची. दर शनिवारी पहाटेची बोट धरून ती सवाई बेटावरून पलीकडं जायची. गावातली लग्नं, मयतं आणि चर्चचे कार्यक्रम ती दहा वर्षं फोनवर टिपत आली होती आणि ऑकलंड-सिडनीच्या नातेवाइकांना पाठवत आली होती. अलीकडं फोनच्या काचेला तडा गेला होता. त्यामुळं गावातल्या प्रत्येक नवरीच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत एक रेघ यायची. सिडनीहून विचारणा व्हायची, की पोरीला लागलं कशानं?

वर्गात प्रत्येकीला वापरायला खरा कॅमेरा मिळाला होता, आणि जिची फिल्म पास होईल तिला तो कायमचा मिळणार होता. लानुओलाचा जीव त्या कॅमेऱ्यात अडकला होता. अटी दोनच. फिल्म नावांसकट पाच मिनिटांची हवी, एक सेकंदही जास्त नाही. आणि दिग्दर्शक म्हणून पडद्यावर जिचं नाव, तिलाच कॅमेरा.

"कागदावरचं चालणार नाही, पडद्यावरचंच," आयलीनीनं बजावलं होतं. "मागच्या वर्गात एकीचा कॅमेरा तिचा दीर घेऊन गेला."

प्रकाश, आवाज, जोडकाम हे सगळं लानुओलाला चटचट जमलं. नवव्या शनिवारी धंद्याचा धडा आला. "हातात पैसा नसतो तेव्हा फिल्म कशावर चालते?" आयलीनीनं विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं, "नावावर. ज्यानं ज्यानं मदत केली त्याचं नाव पडद्यावर आलंच पाहिजे. एकही सुटता कामा नये."

तिच्या डोळ्यांसमोर आठ-दहा माणसं असावीत. ती ऑकलंडला वाढलेली, तिथं माणूस घराचं दार लावून घेतो. आमच्या गावात, वाइमोसोत, घरांना दारं तर सोडाच, भिंतीही नाहीत. नुसते खांब आणि वर छप्पर. मदत कुठं सुरू झाली आणि कुठं संपली, हे कोण सांगणार?

लानुओलानं प्रामाणिकपणे यादी केली. चांगला उजेड फाओलांच्या समुद्राकडच्या घरात होता, त्यांनी ते दिलं. मागच्या अंगणात उलुवाओंचा कोंबडा दर दोन मिनिटांनी आरवायचा. तीन दिवस, चित्रीकरण चालू असेपर्यंत, उलुवाओ त्याला काखेत धरून आपल्या घरी बसून राहिले. म्हणून लिहिलं : 'मौन सौजन्य : उलुवाओंचा कोंबडा.' चर्चच्या गायकांनी तालीम पुढं ढकलली, ते सव्वीस जण. पाद्रीबाईंनी छत्री दिली.

इथवर ठीक होतं. पण रविवारी प्रार्थना संपल्यावर तिनं उभं राहून सगळ्यांचे आभार मानले आणि नावं पडद्यावर येणार असल्याचं सांगून टाकलं. सोमवारपासून माणसं यायला लागली.

"मंगळवारी तू फिल्म घेत होतीस ना, तेव्हा मला खोकला आला होता," एकानं सांगितलं. "मी गिळला."

"मी त्या दिवशी लाकडं फोडणार होतो," दुसरा म्हणाला. "नाही फोडली."

"मी तर तिकडं फिरकलोच नाही," तिसरा म्हणाला. "मी आलो असतो तर गर्दी झाली नसती का?"

लानुओलानं सगळ्यांची नावं लिहिली. खोटं कुणीच बोलत नव्हतं.

खरी अडचण वरच्या दोन ओळींत होती. आमच्या गावाचे थोरले, म्हणजे प्रमुख, दोन : फाओला आणि उलुवाओ. दोघांचा मान तंतोतंत सारखा, आणि तो सारखा ठेवण्यात गावाची अर्धी अक्कल खर्च होते. बैठकीत आवा, म्हणजे मानाचं पेय, वाटतात तेव्हा दोन वाट्या घेऊन दोघे जण पावलाला पाऊल जुळवून येतात. भाषणात कुणी एकाचं नाव आधी घेत नाही, 'दोघे थोरले' म्हणून मोकळे होतात. लानुओलानंही तसंच लिहिलं होतं.

"तिकडं आपियात कोण ओळखणार, कुठले दोघे थोरले ते?" फाओला म्हणाले. तासाभरानं उलुवाओ अगदी याच शब्दांत हेच म्हणाले.

तिनं नावं शेजारी शेजारी लिहून पाहिली, तर डावीकडचं आधी वाचलं जात होतं. एकाखाली एक लिहिली, तर वरचं. मग एकावर एकच लिहून पाहिली, तर तिसऱ्याच कुणाचं नाव तयार झालं. शेवटी तिनं मुळाक्षरांचा आधार घेतला आणि फाओलांचं नाव वर आलं.

"मुळाक्षरांपुढं कुणाचं काय चालणार?" उलुवाओ समजुतीनं म्हणाले आणि प्रश्न मिटला. दुपारपर्यंत मिटलेला होता. दुपारी बसची वाट पाहत असताना सेमिसी मास्तरांनी यादी मागून घेतली.

"ही कुठली मुळाक्षरं, लानुओला?"

"शाळेतली."

"इंग्रजीच्या तासाची. आपल्या सामोअन मुळाक्षरांत आधी पाचही स्वर, मग बाकीची. 'उ' आधी, 'फ' नंतर. चाळीस वर्षं शिकवतोय मी. तूही माझ्याच शाळेतली म्हणून लोकांना सांगू नकोस."

बसथांब्यावर अकरा माणसं होती. आता प्रश्न दोन नावांचा राहिला नाही, भाषेच्या अभिमानाचा झाला. उलुवाओंचं नाव वर गेलं. आता फाओलांना कोण सांगणार?

"त्यांना सांग, शेवटचा मान मोठा," मासेला मावशी पानं चिरता चिरता म्हणाल्या. "पाद्रीबाबा तासभर बोलतात. त्यातलं शेवटचंच तेवढं आपल्या लक्षात राहतं."

लानुओलानं फाओलांना तसं सांगितलं, वर आपलीही भर घातली. मोठ्या फिल्मांत सगळ्यात मोठं नाव शेवटी येतं, आपलं आता सगळ्यांच्या खाली एकटंच येईल. फाओला इतके खूश झाले, की त्यांना ते पोटात ठेवता येईना. दोन दिवसांनी उलुवाओ कोंबडा काखेत घेऊन तिच्या दाराशी, म्हणजे खांबाशी, उभे राहिले. कोंबड्याला आता तशीच सवय झाली होती, आणि त्यांनाही.

"शेवटचा मान मोठा, असं ऐकतो."

"असं... म्हणतात खरं."

"मग मला पहिला कशाला ढकललास, बाई?"

म्हणजे आधी दोघांनाही पहिलं यायचं होतं, आता दोघांनाही शेवटी. दरम्यान दोघांच्या नावांआधी त्यांच्या सगळ्या पदव्या आल्या होत्या, पदव्या वाचायला वेळ हवा म्हणून ओळी हळू सरकत होत्या, आणि वरच्या हळू म्हणून खालच्याही हळू. अशी साडेतीन मिनिटं झाली. तिनं आयलीनीला फोन लावला.

"नावं कापा," आयलीनी म्हणाली.

"कुणाची?"

"कुणाचीही. निम्मी."

"तू ये इकडं, पोरी, आणि काप. मी बोटीवर घ्यायला येते तुला."

"मग फिल्म कापा," आयलीनी हळूच म्हणाली.

"तीच तर कापत आलेय."

फोन ठेवून ती मावशींपाशी येऊन बसली. मावशींचे हात चालूच होते. नवी चटई सुरू झाली होती.

"एक विचारू?" मावशी म्हणाल्या. "ती अक्षरं वाचायला निम्म्या गावाला चष्मा लागतो. तोंडं बघायला लागतो का गं?"

लानुओला उठली आणि कॅमेऱ्याची बॅटरी चार्जिंगला लावून आली.

मंगळवारी फाओलांच्या घरात सगळं गाव जमलं. मधोमध मावशी विणत बसल्या. त्यांच्या मागून एकेक जण यायचा, आपलं नाव सांगायचा, काय केलं ते सांगायचा आणि बाजूला व्हायचा. म्हणजे नावं हीच फिल्म, आणि मावशींचं विणणंही पहिल्यापासून शेवटपर्यंत दिसणार. पाद्रीबाईंनी छत्री उघडून दाखवली. सव्वीस गायकांनी एका सुरात नावं सांगितली. खोकलेवाल्यानं खोकला पुन्हा एकदा गिळून दाखवला, आणि तो मूळच्यापेक्षा चांगला झाला. राहिले दोघे थोरले, समोरासमोरच्या खांबांना टेकून बसलेले.

"हं," लानुओला म्हणाली. "आता आपण."

दोघांनी एकदम तोंड उघडलं आणि एकदम मिटलं.

"आधी फाओला बोलतील," उलुवाओ म्हणाले.

"छे छे. आधी उलुवाओ."

"घर फाओलांचं. फाओला बोलतील."

"पाहुणे उलुवाओ. उलुवाओ बोलतील."

"फाओलांच्या आधी मी बोलू? शोभेल का ते?"

"उलुवाओंच्या आधी मी तोंड उघडावं, असे दिवस आलेले नाहीत."

अकरा मिनिटं हे चाललं. लानुओलानं कॅमेरा बंद केला नाही. मावशी खाली मान घालून विणत होत्या, पण त्यांचे खांदे हलत होते. शेवटी उलुवाओंच्या काखेतल्या कोंबड्याचा धीर सुटला. त्यानं मान लांब केली आणि इतक्या दिवसांचं मौन सोडलं. आधी दोघे थोरले दचकले, मग हसायला लागले, आणि मग कुणालाच आवरेना.

जोडकाम करताना लानुओलानं दोघांनी एकदम तोंड उघडलं तिथून सुरुवात ठेवली. पुढचं मोजून कापलं. फाओलांचं नाव सात वेळा, उलुवाओंचं सात वेळा, शेवटी कोंबडा. सुरुवातीला नाव घातलं, 'वाइमोसोची चटई'. मग वेळ पाहिली. पाच मिनिटं, चार सेकंद.

ती पुन्हा पहिल्यापासून बघत गेली. छत्री उघडायला दोन सेकंद लागत होते, पण उघडली नाही तर ती छत्री कसली? खोकला कापवेना. मावशी एकदा मान वर करून हसल्या होत्या, तिथं तर तिचं बोट गेलंच नाही. अगदी शेवटी काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं होती : 'दिग्दर्शन : लानुओला.' बरोबर चार सेकंद. आयलीनीची अट तिला पाठ होती. तिनं थंड झालेला कोको संपवला आणि ती ओळ कापली.

आपियाच्या कॉलेजच्या सभागृहात शनिवारी दुपारी फिल्म लागली. दोघे थोरले पांढरे सदरे घालून पहिल्या रांगेत बसले होते. सातव्या वेळेपर्यंत लोक खुर्च्यांवरून घरंगळायच्या बेतात आले. "काय नम्र माणसं!" मागून एक बाई डोळे पुसत म्हणाल्या. वाइमोसोच्या कुणीही एकमेकांकडं पाहिलं नाही.

शहरातले एक परीक्षक हातात घड्याळ घेऊन बसले होते. "पाच मिनिटं. पास," ते म्हणाले. मग कागद उलटसुलट करत विचारलं, "दिग्दर्शकाचं नाव कुठं आहे?"

फिल्म पुन्हा लावली. नाव नव्हतंच. पडद्यावर होतं ते गावाचं.

"म्हणजे कॅमेरा गावाला," परीक्षक म्हणाले. आयलीनी त्यांच्याशी बराच वेळ कुजबुजली, पण त्यांनी अटींचा कागद तिच्याच पुढं धरला. ती लानुओलाजवळ आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. "नियम मीच केला होता," ती म्हणाली.

"चांगला आहे नियम," लानुओला म्हणाली. "दिरांसाठी केलेला. रडू नकोस, पोरी."

परतीच्या बोटीत कॅमेऱ्याचं खोकं दोघा थोरल्यांच्या मधल्या बाकावर होतं. लानुओला मासेला मावशींबरोबर समोर बसून समुद्र बघत होती, खोक्याकडं बघत नव्हती.

"गावाचा कॅमेरा म्हणजे थोरल्यांच्या घरी राहायला हवा," फाओला म्हणाले.

"हवाच," उलुवाओ म्हणाले.

"आधी तुमच्याकडं राहू दे."

उलुवाओंनी मान हलवायला सुरुवात केली आणि मध्येच थांबवली. शेवटचा मान मोठा. ज्याच्याकडं नंतर जाईल, त्याच्याकडं राहील. "छे छे," ते म्हणाले. "आधी तुमच्याकडं."

"मी तुमच्या आधी? सगळ्या आपियानं बघितलं, मी असला माणूस नाही."

"तेच मीही म्हणतो."

बोट धक्क्याला लागेपर्यंत हे संपलं नव्हतं. बैठकीत निर्णय होईपर्यंत खोकं कुठं ठेवायचं, असा प्रश्न आला. दोघांच्याही घरी आधी जाऊ नये, असं घर हवं होतं. मासेला मावशींनी ते लानुओलाच्या मांडीवर ठेवलं.

विषय दर सोमवारी बैठकीत निघतो. अजून निर्णय झालेला नाही. मधल्या काळात गावात सहा लग्नं झाली, आणि एकाही नवरीच्या तोंडावर रेघ नाही.

दर सोमवारी सकाळी, बैठकीच्या आधी, लानुओला दोघा थोरल्यांच्या घरी गरम कोको पाठवते. दोन कप, एकाच वेळी.